घर पाहावे ओहोटीला

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून, बोललेले होते तसेच, थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत.)





कार्यकारिणीने बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, कीर्तनकार बोलले. आम्ही पणजीच्या तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारच्या नोकरीत टेप आणि लेव्हल घेऊन बांध नि गटारे मोजत फिरणारे. आम्ही काय बोलणार? पण चिटणीस म्हणाले, "अहो, लोक आधी घर घेतात, मग हौस करतात. तुम्ही आधी होडी घेतलीत आणि मग होडीसाठी घर शोधलेत. तेच सांगा." शिवाय मंडळातल्या दोन-तीन तरुण जोडप्यांनी वर्षभरात आम्हाला वेगवेगळे गाठून विचारले होते, की काका, समुद्राजवळ घर घ्यायचे आहे, कुठे बघावे? तेव्हा त्या सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकावे असे ठरवले.

आम्ही म्हणतो तेव्हा घरातली सगळीच मोजावीत. आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि आमचे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याचे. मुक्तीनंतर काही वर्षांनी ते वास्कोला आले आणि बंदरात इंजिनांच्या कामावर लागले. निवृत्त झाले तेव्हा त्यांना पेन्शन होती, चष्मा होता आणि एक अपुरी राहिलेली इच्छा होती. स्वतःची होडी. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिने दुरुस्त केली, एकदा स्वतःचे इंजिन ओढून सुरू करायचे होते. म्हणून आम्ही आणि आमच्या मेहुण्यांनी मिळून सोळा फुटी फायबरची जुनी होडी घेतली. वर 9.9 हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड, तेही जुनेच. बंदर कप्तान खात्यात नोंदणीचे कागद केले, लाइफ जॅकेटे घेतली. आम्ही तेव्हा फोंड्याला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. फोंड्याला देवळे आहेत, कुळागरे आहेत, सगळे आहे. पण होडी ठेवायला अंगणातल्या फणसाखालीच जागा. ये-जा करणारे विचारायचे, "पूर येणार आहे की काय?"

तेव्हा घर शोधायचे ठरले. गोव्याचा किनारा साधारण 105 किलोमीटरचा, असे आपण शाळेत शिकलो. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग अशा नद्यांची मुखे त्यात आहेत. आम्हाला वाटले, एवढ्या किनाऱ्यात आपल्याला एक घर मिळणार नाही?

सुरुवातीला आम्ही तेच केले जे सगळे करतात. खिडकी बघितली. रविवारी सकाळी एजंटबरोबर जायचे, तो बाल्कनीचे दार उघडायचा आणि हाताने असे दाखवायचा, जणू समुद्र त्याच्या आजोबांनी विकत घेऊन ठेवला होता. मिरामार ते दोनापावल या पट्ट्यात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहिलो. म्हटले, आधी राहून बघू, मग कर्ज काढू. हे मात्र आम्ही शहाणपणाचे केले. भाड्याचे पैसे वाया गेले असे नातेवाईक म्हणतात, पण त्या अकरा महिन्यांनी आम्हाला वीस वर्षांच्या हप्त्यांतून वाचवले.

समुद्र दिसत होता, नाही असे नाही. सूर्यास्त रोज दिसायचा. पण होडी ठेवायची कुठे? इमारतीच्या पार्किंगमध्ये तिला जागा नव्हती. किनाऱ्यावर ठेवावी तर राखण कोण करणार? पावसाळ्यात खारा वारा सरळ घरात यायचा. खिडक्यांची ग्रिले, फ्रिजची पाठ, स्कूटरचे ब्रेक, सगळ्यांना एका मोसमात गंज चढला. आमच्या सौभाग्यवतींनी पापड वाळत घालायचे सोडून दिले. आणि सांगायला लाज वाटते, पण डोळ्यांसमोर चोवीस तास समुद्र असूनही आम्ही महिन्यातून एकदासुद्धा पाण्याला पाय लावत नव्हतो. तिसऱ्या महिन्यापासून पडदे ओढलेलेच असायचे, कारण दुपारचे ऊन थेट टीव्हीवर यायचे.

इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपल्याकडच्या पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन लाकडी चौकटीत बसवलेले. त्या खिडक्यांतून मऊ उजेड आत यायचा, बाहेरचे मात्र काही दिसायचे नाही. समुद्राकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना खिडकीतून समुद्र बघायची गरज वाटली नसावी. त्यांची घरे वाळूच्या टेकड्यांच्या आणि माडांच्या मागे असायची. समुद्र बघायचा तर पायवाटेने चालत जायचे. यातला मुद्दा ध्यानात यायला आम्हाला अजून दोन वर्षे लागली.

मग आम्ही मोकळ्या समुद्राकाठचे गाव बघायचे ठरवले. वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीसेक किलोमीटर सलग वाळू आहे. जमिनीला लागून समुद्र, मध्ये फक्त माड. मुले हरखून गेली. पण तिथल्या रापणकारांनी होडी पाण्यात घालताना आम्ही नीट उभे राहून पाहिले तेव्हा हिशेब कळला. मोकळ्या किनाऱ्यावर होडी लाटेतून आत न्यायची आणि लाटेतूनच बाहेर आणायची. खाली लाकडाचे ओंडके घालून दहा-बारा माणसे तिला ढकलतात, लाट मोजून नेमक्या क्षणी सोडतात. आमच्याकडे माणसे किती? आम्ही, मेहुणे, आणि पंचाहत्तरीला आलेले अण्णा. अण्णा म्हणाले, "पोहायला हा किनारा सोन्यासारखा. होडीला नव्हे." पोहायचा किनारा आणि होडीचा किनारा हे दोन वेगळे किनारे आहेत, हे पहिले सूत्र आम्ही तिथे शिकलो. दोन्ही एकाच दारात मिळतील अशी हाव धरू नये. एक दारात असावा, दुसरा गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर.

दुसरे सूत्र असे, की वाळू कुणाची नोकर नसते. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि दसरा-दिवाळीनंतर हळूहळू परत आणतात. डिसेंबरात दिसणारी रुंद पुळण जुलैत निम्मीही नसते. कांदोळीचे उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. 2000 सालच्या जून महिन्यात रिव्हर प्रिन्सेस नावाचे मालवाहू जहाज तिथे वाळूत रुतले आणि सुमारे बारा वर्षे तिथेच उभे होते. त्या अडथळ्याभोवती पाण्याची चाल बदलली आणि आजूबाजूचा किनारा खचत गेला. एका जहाजाने जर एवढे होते, तर कुंपणाच्या भिंतींनी काय होईल याचा विचार घर घेणाऱ्याने करावा.

आता मुख्य प्रसंग सांगतो. हा सांगताना आमच्या घरात अजूनही कुणीतरी उठून पाणी प्यायला जाते.

मोकळा समुद्र नको, तर नदीचे मुख बघू, असे ठरले. ओळखीच्या एका घरी शिवोलीला होडी ठेवायची सोय झाली आणि तिकडेच घर बघायला लागलो. शापोरा नदी तिथे शांत, दोन्ही बाजूंना माड. खाली गेले की डाव्या हाताला शापोराचा किल्ला, उजवीकडे मोरजीची वाळू, समोर समुद्र. ऑक्टोबर अखेरचा रविवार, पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी जेवून, तीनच्या सुमाराला आम्ही निघालो. होडीत आम्ही, मेहुणे, अण्णा आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. नदीत पाणी तेलासारखे. होडी इतकी छान पळत होती की अण्णा गुणगुणत होते. आमच्या लक्षात आले नाही, की ती इंजिनाने पळत नव्हती. ओहोटीने पळत होती.

मुखाशी पोहोचलो आणि पाणी एकदम उभे राहिले. दुसरा शब्द नाही. उधाणाची ओहोटी सगळ्या नदीचे पाणी घेऊन बाहेर पडत होती, समोरून दुपारचा वायव्येचा वारा आणि समुद्राची लाट आत येत होती, आणि खाली वाळूचा उथळ बांध. दोन पैलवान समोरासमोर भिडावेत तसे. तिसऱ्या लाटेला होडीत घोटाभर पाणी आले, चौथीला इंजिन बंद पडले. अण्णांनी तीन वेळा दोरी ओढली. आयुष्यभर इंजिने सुरू करणारा माणूस, पण त्या दिवशी इंजिनाने ऐकले नाही. होडी आडवी व्हायला लागली. मुलाने रडणेसुद्धा बंद केले होते. फक्त आमचा शर्ट घट्ट धरून बसला होता.

मोरजीच्या बाजूने जाळे आवरून परतणारी एक होडी आमच्याकडे वळली. वल्ही मारणारे दोघे तरुण, सुकाणूवर एक म्हातारा तांडेल. त्याने दोरी फेकली. पहिली पाण्यात पडली, दुसरी मेहुण्यांच्या हाती लागली. त्याने आम्हाला ओढत, लाटेला तोंड देत, वाळूच्या कडेच्या शांत पाण्यात आणले. तोंडातून शिवी नाही, उपदेश नाही. आम्ही पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. जाताना एवढेच म्हणाला, "पाणी भायर पडताना वारो समोरसून इलो, की मुखार दर्यो उभो ऱ्हवता. पोरग्याक घेवन असो येव नको."

ते एक वाक्य आमच्या सगळ्या डिप्लोमापेक्षा मोठे होते. नदीचे पाणी मोजायचे काम आम्ही पगार घेऊन करतो, आणि ते एका रविवारी विसरलो होतो.

त्यानंतर चार महिने होडी उलटी करून ठेवली होती. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, विकून टाका. मुलगा मात्र एक दिवस म्हणाला, "आपण पाण्याचे वेळापत्रक आधी का नाही बघितले?" मग आम्ही अभ्यासाला बसलो. हा अभ्यास घर घेणाऱ्या प्रत्येकाने करावा, म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी. दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. त्या वेळी आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची हालचाल सगळ्यांत कमी. कोकणातली जुनी माणसे तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढतात. मुंबईपेक्षा आपल्याकडे भरती थोडी आधी लागते, म्हणून तो हिशेब जसाच्या तसा धरू नये. मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक मिळते, ते घरात लावून ठेवावे. वाऱ्याचे म्हणाल, तर पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत सकाळी जमिनीवरचा हलका वारा, दुपारी समुद्रावरून येणारा जोराचा. म्हणून होडी सकाळची. जून-जुलै होडी घरात. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते ती उगाच नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यात इतका धोक्याचा होतो, की खनिजाच्या बार्जी त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरून मुरगावला जात. जिथे बार्जीला वळसा घ्यावा लागतो तिथे आपल्या सोळा फुटांनी काय करावे?

हे कळल्यावर घर शोधायची आमची पद्धतच बदलली. आपल्यात म्हण आहे, घर पाहावे बांधून. आम्ही म्हणतो, घर पाहावे ओहोटीला. कुठलीही जागा पसंत करण्यापूर्वी आम्ही तिथे चार फेऱ्या मारायच्या ठरवल्या, एजंटला न सांगता.

पहिली फेरी उधाणाच्या ओहोटीला. पाणी मागे गेले की सगळे उघडे पडते. चिखल किती, खडक कुठे, कोणाच्या सांडपाण्याचा पाइप खाडीत सोडला आहे, होडी पाण्यापर्यंत न्यायला किती पावले. भरतीला प्रत्येक जागा सुंदर असते.

दुसरी फेरी उधाणाच्या भरतीला. पाणी कुठपर्यंत येते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. किनारी नियमनाचे सगळे हिशेब भरती रेषेवरून होतात. 1991 साली पहिली अधिसूचना आली, मग 2011 आणि 2019 साली नव्या आल्या. हे नियम फक्त समुद्राला नाहीत, भरतीचे पाणी जाते त्या नद्या-खाड्यांनाही आहेत. बिल्डर काय म्हणतो यावर न राहता फॉर्म 1 व 14, सर्व्हेचा नकाशा आणि किनारी विभागाचा नकाशा तिन्ही एकमेकांवर ठेवून बघावेत. जमत नसेल तर आमच्यासारख्या एखाद्या डिप्लोमावाल्याला चहाला बोलवावे.

तिसरी फेरी जुलैत, भर पावसात. तेव्हा रस्ता, वीज, भिंतींची ओल आणि शेजारी, चौघांचीही परीक्षा होते.

चौथी फेरी पहाटे. त्या वेळी किनाऱ्यावर कोण आहे ते बघायचे. जिथे पहाटे जाळी निवडणारी माणसे बसलेली असतात, तो किनारा जिवंत. जिथे फक्त दिवे आणि सुरक्षारक्षक, तिथे होडी उलटली तर दोरी फेकायला कोणी नसते.

अशा फेऱ्या मारत आम्ही अखेर जिथे लहानाचे मोठे झालो त्याच वास्कोच्या दारात आलो. चिखलीला. झुआरीच्या दक्षिण काठावर, मुरगावच्या डोंगराच्या आडोशाला असलेली ही खाडी. आमची मुलगी म्हणते, नावातच चिखल आहे. खरेच आहे. ओहोटीला गुडघाभर चिखल, आणि त्या वेळी होडी हलत नाही म्हणजे नाही. खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. डोक्यावरून डाबोळीची विमाने जातात. पण भरतीला पाणी शांत, वाट सपाट, होड्या ओढून ठेवायची जागा, वाड्यावर मासेमारी करणारी घरे. पोहायला बोगमाळो गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. आणि गंमत अशी, की ज्या शिंपल्यांच्या खिडक्या मघाशी सांगितल्या, ते शिंपले याच चिखलीच्या खाडीत सापडतात. ज्या चिखलाला आम्ही नावे ठेवत होतो त्यातूनच जुन्या गोव्याच्या घरांत उजेड आला होता. अण्णांनी खाडीत पाय बुडवला आणि म्हणाले, "इथे घ्या." दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कर्ज आहे, ते निवृत्तीपर्यंत फिटेल.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरे सांगायचे ते पुढेच आहे, आणि ते आमच्या मोठेपणाचे नाही.

आमच्या सोसायटीच्या आवारातून एक जुनी पायवाट खाडीकडे जाते. वाड्यावरची माणसे तिथून जाळी नेतात, बायका मासळीच्या पाट्या आणतात. आम्हीही होडीकडे त्याच वाटेने जातो. राहायला येऊन दोन वर्षे झाली आणि कुणाचीतरी सायकल चोरीला गेली. बैठक झाली. ठरले, की वाटेवर गेट बसवायचे, कुलूप लावायचे, चाव्या फक्त बावीस फ्लॅटवाल्यांना. कागद फिरला. एकोणीस सह्या झाल्या. त्यात आमची होती.

हो, आम्ही सही केली. मनात आले, की आपल्याला चावी मिळणारच आहे. आपल्या होडीला तर उलट राखण होईल.

जुलैत गेट लागले. पंधरा दिवस कुणी काही बोलले नाही. वाड्यावरची माणसे रस्त्याने वळसा घालून जायला लागली. ऋषिपंचमीला संध्याकाळी आमच्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा चालली होती तेव्हा खाली टाळ वाजले. गॅलरीतून पाहिले तर वाड्यावरचे पाच-सहा गणपती डोक्यावर घेऊन माणसे गेटपाशी उभी. वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय तिकडे वळले होते. कुलूप. राखणदाराकडे चावी नव्हती. सेक्रेटरी गावाला गेलेले. आम्ही आमची चावी शोधायला धावलो. पूजेच्या गडबडीत ती कुठे ठेवली ते आठवेना. कपाट, फडताळ, पँटचे खिसे. इकडे पंचमीची भरती दुपारीच होऊन गेलेली, पाणी उतरत चाललेले. वीस मिनिटांनी चावी सापडली तेव्हा ती माणसे वळसा घालून पुढे गेली होती.

आम्ही आमचा गणपती घेऊन काठावर पोहोचलो तर पाणी लांब गेलेले. एक म्हातारी चिखलात घोट्यापर्यंत उभी राहून मूर्तीवर ओंजळीने पाणी घालत होती. आमच्याकडे बघून ती म्हणाली, "या हो, या, सांभाळून. निसरडे आहे." रागाचा एक शब्द नाही.

रात्री जेवताना कुणी बोलेना. शेवटी अण्णांनी विचारले, "त्या दिवशी शापोऱ्याला दोरी टाकणाऱ्याने आपल्याकडे चावी मागितली होती का?"

मित्रहो, दुसऱ्या दिवशी आम्ही सही मागे घेत असल्याचे पत्र सोसायटीला दिले. त्याबरोबर सर्व्हेच्या जुन्या नकाशाची प्रत जोडली. आमची इमारत नव्हती तेव्हापासून ती वाट त्या नकाशात आहे. हे आम्हाला घर घेतानाच ठाऊक होते, कारण नकाशे आम्हीच एकमेकांवर ठेवून पाहिले होते. ठाऊक असून सही केली, हे पत्रात लिहिले. सर्वसाधारण सभेत पुष्कळ बोलणी खाल्ली. "तुमची होडी आहे म्हणून तुम्हाला वाट हवी" असेही ऐकले. ते काही अगदी खोटे नव्हते. मतदान झाले. तेरा विरुद्ध नऊ. गेट राहिले, कुलूप गेले. सायकलींसाठी आत स्वतंत्र जागा केली. त्यानंतर चोरी झालेली नाही.

तेव्हा समुद्राजवळ घर कुठे बघावे, या प्रश्नाला आमचे उत्तर असे. जिथे पाण्याकडे जाणारी वाट सगळ्यांची आहे तिथे बघावे, आणि राहायला गेल्यावर ती सगळ्यांची राहील असे वागावे. कुंभारजुव्याला गणपतीच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींना बांधतात तेव्हा त्यावर मंच उभा राहतो, एका होडीवर राहत नाही. काठावर राहणाऱ्यांचेही तसेच आहे. वाड्यावरच्या माणसाला पाण्याची चाल कळते, आपल्याला कागदाची. दोघे बांधलेले असलो तर काठ टिकेल.

आता आमचे रोजचे चालले आहे. होडी आठवड्यातून एकदा, सकाळी, चढत्या पाण्यावर, बार्जींच्या मार्गापासून दूर, मुखाच्या दिशेने नाही. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, अण्णांच्यासुद्धा. अण्णा आता फारसे होडीत येत नाहीत. बांधावर खुर्ची टाकून बसतात. शर्टाच्या खिशात भरतीचे कोष्टक आणि पेन्सिल. गेल्या वर्षीपासून वाड्यावरचे लोक विसर्जनाची वेळ त्यांना विचारायला येतात. दीड दिवसाच्याला दुपारी लवकर निघा, पाचव्या दिवशी भांग असते, पाणी फार हलणार नाही, थोडे आत जा, अनंत चतुर्दशीला उधाण जवळ आलेले असते, मुलांना काठावरच ठेवा. सगळे त्यांना पाठ आहे.

या वर्षी ऋषिपंचमीला ते तीन वाजताच खाली जाऊन गेटपाशी बसले होते. आम्ही विचारले, "एवढ्या लवकर कशाला?" म्हणाले, "वारा आला की ते गेट आपोआप लागते. धरून बसलोय."

 दूध आटत आले असेल, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!